सुरईत काय ओतायचं

दफनभूमीच्या फाटकापासून घरापर्यंतच्या चढावर रेमीजो इनमीन तीन शब्द बोलला, तेव्हाच ओत्तावियाने ओळखलं की आजचं जेवण सुखासुखी पार पडणार नाही. तिचा हा भाऊ रागावला की गप्प बसायचा आणि शरमला की त्याहून गप्प. आजचं मौन या दोहोंतलं कुठलं, एवढंच तिला कळत नव्हतं.

सर्व संतांचा सण होता. सकाळची मिस्सा आटोपली होती, आणि दुपार कलताना अख्खं ब्रिकेत्तो गाव शेवंतीच्या कुंड्या कवेत घेऊन आपापल्या माणसांना भेटायला गेलं होतं. आबांच्या आणि आईच्या दगडापुढे पांढरी शेवंती ठेवून झाली. रेमीजोच्या पिएराला पिवळी आवडायची, म्हणून तिच्यापुढे पिवळी. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुंडीचा रंग रेमीजो कधी चुकला नव्हता. आज मात्र तो आबांच्या दगडासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला तो मान खाली घालूनच. दगडावर आबांचा फोटो होता, चिनीमातीच्या चकतीत बसवलेला. त्याच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"दादा, गुडघे दुखत असतील तर चल, गाडीत बस," तुल्लियो म्हणाला. धाकटा तुल्लियो तोरिनोला विमा कंपनीत होता. चढ ही गाडीने चढायची गोष्ट असते, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"गुडघे माझे आहेत," रेमीजो म्हणाला. तेच ते तीन शब्द.

घरी पोचल्यावर ओत्ताविया स्वयंपाकघरात न शिरता आधी मागच्या धुराच्या झोपडीकडे वळली. तिच्या दिवसाचे नेम दोन, पहाटेची जपमाळ आणि पानगळीच्या दिवसांत हा विस्तव. यातला देवाचा कुठला आणि घराचा कुठला, असा भेद तिने कधी केला नाही. झोपडी दगडी. खाली जमिनीवर विस्तव, वर लाकडी पट्ट्यांचा माळा, आणि माळ्यावर गुडघाभर चेस्टनट पसरलेली. महिनाभर खालून धूर द्यायचा, म्हणजे टरफलं कडकडीत होतात आणि आतला गर सुकून गोड होतो. विस्तवाला ज्वाळा फुटू द्यायची नाही, त्याला नुसतं धुमसत ठेवायचं. आणि त्यात घालायचं ते चेस्टनटचंच लाकूड, चेस्टनटचीच जुनी टरफलं. दुसरी काडीसुद्धा नाही. आबांना हे त्यांच्या आईने शिकवलं, आणि आबांनी ओत्तावियाला.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेवढे दिवस विस्तव रेमीजोकडे होता. ती परतली तेव्हा माळ्यावरची चेस्टनट काळवंडून गेली होती. व्यापाऱ्याने पोती जशीच्या तशी परत पाठवली. याचं पीठ दळून कोण खाणार, म्हणाला, घरात आग लागल्यासारखा वास येतोय. "लाकूड ओलं होतं," रेमीजोने सांगितलं, आणि ओत्तावियाने मान डोलावली. पण राख उपसताना तिच्या हाताला एक तार लागली होती, गंजलेली, पीळ पडलेली. चेस्टनटच्या ओंडक्यात तार कुठून येणार? ती तिने झोपडीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. भाऊ काही झाकत असेल, तर ते उघडं करायची तिला घाई नव्हती.

आज विस्तव छान धुमसत होता. तिने दोन मुठी टरफलं टाकली, क्रुसाची खूण केली. निघताना दगडासमोरची भावाची खाली गेलेली मान तिला आठवली, आणि तिने खिळ्यावरची तार काढून एप्रनच्या खिशात घातली.

स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरली होती. चण्यांचं सार कालपासून मंद आचेवर होतं, डुकराच्या बरगड्या घालून. या दिवशी गावात कुठल्याच घरी दुसरं काही शिजत नाही. तुल्लियोची बायको इल्दा अंगठ्या काढून ठेवून पाव कापत होती.

"वन्सं, किती उशीर! मला वाटलं, संतांबरोबर तुम्हीही वर गेलात."

"मला कोण घेतंय वर, इल्दा. तिथे सार करायला आमची आई आहे."

चुलीशी उभी असलेली नोएमी हसली, पण वरवर. रेमीजोची ही एकुलती मुलगी तिशी ओलांडलेली, हात सदा गरम पाण्याने लाल झालेले. इल्दा ताटल्या घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, तशी ती आत्याजवळ सरकली.

"आत्या, सोमवारी त्या शेडवाल्यांना उत्तर द्यायचंय मला."

"माहीत आहे."

"आज विचारणार आहे बाबांना. शेवटचं."

विचारायचं काय ते घरातल्या मांजरालाही पाठ होतं. बेल्जियममध्ये शिकून आल्यापासून गेली चार वर्षं नोएमी जुन्या गोठ्यात बिअर करत होती. हिवाळ्यात गोठ्यातले नळ गोठायचे, उन्हाळ्यात पिंपं तापायची. सुरुवातीला गाव हसलं. बिअर ती पिझ्झ्याबरोबर ढोसायची, जर्मन लोकांची, कारखान्यातली. डोंगरावरच्या पोरीने ती बुचाच्या बाटलीत भरून वाइनसारखी मिरवावी? पण तोरिनोच्या खानावळींना तीच बाटली हवीशी झाली. मागणी वाढली आणि गोठा पुरेना. खाली मैदानात, कारखान्यांच्या वस्तीत, तिला एक तयार शेड मिळत होती. आणि इथे घराखालीच आबांचं तळघर होतं, हिवाळ्या-उन्हाळ्यात सारखं गार, आत दोन रिकामी पिंपं आणि कोळिष्टकं. त्याची किल्ली रेमीजोच्या पट्ट्याला.

"खाली शेड घेतलीस तर संध्याकाळी घरी येत जाशील?" ओत्तावियाने विचारलं, उत्तर माहीत असून.

"दीड तासाची वाट आहे, आत्या. पहाटे चारला सातू भिजवायला लागतात. तिथेच खोली बघावी लागेल."

ओत्तावियाने साराची चव घेतली, मीठ ठीक होतं, तरी चिमूटभर टाकलं. पोर गेली म्हणजे घरात दोन म्हातारी उरणार. त्यातलं एक गेलं की एक. आणि झोपडीतला विस्तव कुणी पेटवायचा? हे ती देवापाशीही मोठ्याने बोलली नव्हती.

जेवायला बसले तेव्हा आबांची खुर्ची नेहमीप्रमाणे रिकामी ठेवली होती. तिच्यामागच्या फडताळावर आबांची तपकिरी सुरई होती, कानाचा टवका उडालेली. आज जेवण झालं, माळ म्हणून झाली, की टेबल पुन्हा मांडायचं, रात्री घरी येणाऱ्या मृतांसाठी. उकडलेल्या चेस्टनटचा वाडगा, आबांचा पेला आणि भरलेली सुरई. मग सगळ्यांनी उठून झोपायला जायचं आणि दाराला कडी लावायची नाही. सुरईत जायचं ते घरच्या हातचंच. आजवर ते एकच होतं, आबांनी लग्नाच्या वर्षी लावलेल्या वरच्या मळ्याची वाइन.

यंदा सुरई अजून रिकामी होती. सगळ्यांना दिसत होती.

"ते स्विस जोडपं पुन्हा फोन करत होतं," तुल्लियोने विषय काढला. "तळघर फार आवडलंय त्यांना. पाहुण्यांची जेवणाची खोली करायची म्हणतात. दगडी कमान, मेणबत्त्या..."

"आपण मेणबत्त्या लावायचो त्या वीज जायची म्हणून," रेमीजो म्हणाला.

"तेच तर, दादा! त्यालाच पैसे देतात लोक आता."

"बाबा," नोएमी म्हणाली. चमचा तिने खाली ठेवला होता. "काका विचारतायत ते बाजूला राहू दे. मी विचारते. तळघर मला द्या. भिंतीला हात लावणार नाही, पिंपं हलवणार नाही. मला फक्त तो गारवा हवाय."

"बिअर आणि वाइन एका छपराखाली नांदत नाहीत. तुझ्या त्या यीस्टचं वारं एकदा तळघरात शिरलं की वाइन बिघडली म्हणून समज."

"कुठली वाइन, बाबा?"

तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच कळलं. इल्दाने पावाचा तुकडा उगाच ताटलीत फिरवला. गेल्या वर्षी गारांनी वरचा मळा झोडपून काढला, एक घोस राहिला नाही. आणि त्याच शरदात रेमीजोने ट्रॅक्टर बोलावून वेली मुळासकट उपटल्या होत्या. गुडघे चालत नाहीत, मजूर मिळत नाहीत, म्हाताऱ्या वेली आता धरत नाहीत, अशी कारणं त्याने ज्याला त्याला सांगितली. खरी होती ती. पण मळ्यावर त्यानंतर तो एकदाही गेला नव्हता.

रेमीजो उठला. ओत्तावियाला वाटलं, गेला आता हा दार आपटून. पण तो फडताळाच्या खालच्या कप्प्यातून एक बाटली घेऊन आला आणि ती त्याने टेबलाच्या मधोमध ठेवली. बूच काढलेलं होतं.

"ही," तो म्हणाला. "मळ्याची शेवटची. आजच्यासाठी राखली होती. सकाळी मिस्सेआधी उघडली."

इल्दाने नाक जवळ नेलं आणि पटकन मागे घेतलं. "अगं बाई. व्हिनेगर झालंय हो, भावोजी."

"सॅलडवर घाला," रेमीजो म्हणाला आणि खाली बसला.

म्हणजे मौन शरमेचं होतं. मळा मोडला, एवढं कमी नव्हतं. आता आबांच्या सुरईत ओतायला मळ्याचा थेंबही उरला नाही, हे सकाळपासून मनात घेऊन हा माणूस त्यांच्या दगडासमोर टोपी हातात धरून उभा होता.

"एवढंच ना?" तुल्लियो उजळला. "गाडीत बारोलो वाइन आहे. साहेबांनी दिलेली, भारीतली. आणतो."

"विकतची? आबांच्या सुरईत?"

"विकतची नाही, भेट मिळालेली."

"दुसऱ्याच्या हातची ना? आबा परक्याची वाइन लग्नात प्यायचे, तीसुद्धा नवरी नात्यातली असली तर."

"मग कॉफी ठेवा," इल्दा म्हणाली. "घरच्या हातची."

नोएमी उठून बाहेर गेली. गेली रागावून, असं सगळ्यांना वाटलं. पण ती गोठ्यातून परतली ती हातात दोन काळ्या बाटल्या घेऊन, आणि तिने तारेची वेटोळी सोडवून बूच काढलं. रंग जुन्या तांब्यासारखा, वर मळकट पांढरा फेस. सगळ्यात आधी तिने इल्दाकाकूच्या पेल्यात ओतली.

"मला नको गं बाई. बिअरने माझं पोट फुगतं."

"एक घोट. बरगडीबरोबर."

इल्दाने मान राखायची म्हणून घोट घेतला. मग बरगडीचा तुकडा खाल्ला. मग तिने पेला पुढे केला. "जरा घाल. कळली नाही नीट."

तुल्लियोने बायकोकडे पाहिलं.

"बघतोस काय? आपल्या घराखालच्या खानावळीत आता वाइनच्या यादीशेजारी बिअरची यादी असते. परवा त्या वकिलाने मला विचारलं, तुमच्याच आडनावाची ती मुलगी का हो? मी म्हटलं, माहीत नाही." ती नोएमीकडे वळली. "आता सांगेन, हो, पुतणी आहे."

"इल्दा, आपलं तळघराचं काय ठरलं होतं?"

"तुझं ठरलं होतं. मी मान डोलावली होती. गाडीत मी सगळ्यालाच मान डोलावते."

नोएमीने आत्यापुढे पेला ठेवला. ओत्तावियाने आजवर भाचीची बिअर जिभेला लावली होती ती प्रेमापोटी. आवडली असं ती म्हणायची आणि पहाटेच्या माळेत त्या थापेची माफी मागायची. आज तिने पेला उचलला आणि घोट घेण्याआधीच तिचा हात थांबला.

धूर होता. पण तिच्या झोपडीतला नव्हे. तो धूर ती झोपेतही ओळखेल, गोडसर, भाजल्या पिठासारखा. हा निराळा होता, बारीक, आंबटसर, नाकाच्या शेंड्याला लागणारा. फेब्रुवारीतल्या संध्याकाळचा. वेली छाटून झाल्या की आबा काटक्यांच्या मोळ्या वरच्या बांधावर पेटवायचे. थंडीने कान लाल झालेले, खाली दरीत धुकं, आणि आईची हाक तीनदा आल्याशिवाय कुणी घरी निघायचं नाही. आबांचा कोट एप्रिलपर्यंत त्या धुराने दरवळायचा. मिस्सेला त्यांच्या शेजारी बसलं की उदापेक्षा तोच वास आधी यायचा, आणि लहानपणी तिला वाटायचं की देवाच्या घराचा वास हाच असणार.

तिने घोट घेतला. डोळे मिटून घेतला.

"नोएमी, कुठली चेस्टनट घातलीस यात?"

"परत आलेली पोती होती ना, आत्या. काळवंडलेली. फेकवेनात. सातूला मोड आणून, भाजून, त्याच्या पाण्यात उकळली." तिचा आवाज बदलला, कामाचं बोलताना तो नेहमी असा स्थिर व्हायचा. "पण तीच एक गोम आहे. तुझ्या झोपडीतली चांगली चेस्टनट घालून तीनदा करून पाहिली. छान होते, पण अशी होत नाही. यात काहीतरी आहे, ते मला सापडतच नाही. बाबा, ते ओलं लाकूड कुठलं होतं हो?"

रेमीजो पावाचे बारीक बारीक तुकडे करत राहिला.

ओत्तावियाने खिशातली तार काढली आणि भावाच्या ताटलीशेजारी ठेवली, अगदी हळू, जशी ती वेदीवर मेणबत्ती ठेवायची. गंजकी, पीळ पडलेली, दोन्ही टोकं एकाच अंगाला वळवलेली. ब्रिकेत्तोत वेली बांधायची तार अशी वळवणारा एकच माणूस होऊन गेला, डावखुरा. रेमीजोने ती बोटात धरली.

"तुझ्या पेल्यात काय आहे बघ," ती म्हणाली. "आबांचा वरचा मळा आहे."

मग तुल्लियोने हात लांबवून नोएमीसमोरची बाटली ओढली, स्वतःला ओतून घेतली आणि बराच वेळ नाक पेल्यावर धरून बसला.

"बटाटे," तो म्हणाला. त्याचा विमा कंपनीतला आवाज कुठे गेला कोण जाणे. "ताई, त्या राखेत बटाटे पुरायचो आपण. मी थांबायचो नाही. दादा म्हणायचा, फुंक मार, फुंक मार."

"तू कधी मारली नाहीस," रेमीजो म्हणाला. "दर वर्षी जीभ भाजून घ्यायचास. आणि आई मला बोलायची."

"मग मळा जाळलास कशाला रे, दादा? तोही झोपडीत?"

ओत्तावियाला वाटलं, हे विचारायला नको होतं. पण रेमीजोने उत्तर दिलं, तारेकडे बघत.

"बांधावर ढीग पडला होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, खाली ओढ्यात ढकलून देतो. आबांच्या वेली ओढ्यात?" त्याने मान हलवली. "उघड्यावर पेटवल्या असत्या तर गाव बघायला आलं असतं. ताई दवाखान्यात होती. रोज थोड्या थोड्या झोपडीत नेल्या. घरातल्या घरात. वेलीचं लाकूड भडकतं, ठाऊक होतं मला. चेस्टनट जातील, तेही ठाऊक होतं. बसून राहायचो. जाताना सोबत कुणी हवं ना."

इल्दाने डोळ्यांना रुमाल लावला आणि कांद्याला दोष दिला, टेबलावर कांदा नसताना.

"म्हणजे ही पुन्हा कधीच होणार नाही," नोएमी हळूच म्हणाली. ती अजून कामातच होती, आणि मग एकदम ती त्यातून बाहेर आली, आणि तिचा चेहरा लहानपणी गुडघा फुटल्यावर व्हायचा तसा झाला. "बाबा, मी निम्म्या बाटल्या विकून टाकल्या."

"विकायलाच असते ती," रेमीजो म्हणाला.

त्याने अजून पेला उचलला नव्हता. उठून त्याने फडताळावरची सुरई आणली, आतून फडक्याने पुसली, आणि दुसरी बाटली स्वतःच्या हाताने तिच्यात ओतली. सावकाश, सुरई तिरकी धरून. फेस काठाशी आला तसा तो थांबला, बसू दिला, पुन्हा ओतली. वाइन अशी ओतत नाहीत. गोठ्याच्या दाराआडून तो लेकीला कधीपासून न्याहाळत होता, हे त्या हातांनी सांगून टाकलं. नोएमीने पाहिलं. ओत्तावियाने नोएमीला पाहताना पाहिलं.

"तळघराचं मी काही बोलत नाही," तो सुरई खाली ठेवत म्हणाला. "तळघर आबांनी खोदलं. त्यांनाच विचारा. आज रात्री ते प्यायले, तर तुझं. तशीच राहिली, तर तू सोमवारी खाली जा, आणि तुल्लियोच्या पाहुण्यांना मेणबत्त्या लावू दे."

"हे काय, दादा! आबांचं मत घेतोस, आणि माझं?"

"तू जिवंत आहेस. तुला रोज मिळतंच की बोलायला."

माळ म्हणताना नोएमीचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. भांडी विसळताना मात्र ती फुटली. "आत्या, मेलेला माणूस पितो का कधी? नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणायचं. आजोबांच्या आड कशाला लपायचं?"

"दर वर्षी सुरई ठेवतो ना आपण?"

"आणि दर वर्षी सकाळी भरलेलीच असते! तूच ती सारात ओततेस!"

"हो," ओत्ताविया म्हणाली. भाचीचे लाल झालेले हात तिने फडक्यात घेऊन कोरडे केले, एकेक बोट. "पण ठेवतोच ना. दार नुसतं लोटून घे. कडी लावू नकोस."

मृतांच्या दिवसाची मिस्सा पहाटेची असते. ओत्ताविया देवळातून परतली तेव्हा धुकं अंगणापर्यंत आलं होतं आणि झोपडीतून धूर निघत होता. विस्तवावर तिच्याआधी कुणीतरी टरफलं घातली होती.

स्वयंपाकघरात चेस्टनटचा वाडगा होता तसा होता. तिने सुरई उचलली. ती हलकी लागली. वाकवून पाहिली, तळाशी थेंब नव्हता. तिने क्रुसाची खूण केली आणि घटकाभर तशीच उभी राहिली, सुरई उराशी धरून.

जिन्यावरून नोएमी धावत आली, अनवाणी, मागोमाग गाऊन सावरत इल्दा. नोएमीने सुरईत डोकावून पाहिलं, मग आत्याच्या तोंडाकडे. तेवढ्यात मागचं दार उघडून रेमीजो आत आला. अंगाला धुराचा वास, एक बाही मनगटाशी ओली, पापण्या जड, चेहरा रोजच्यासारखा बंद.

"बाबा..."

"बघितलं मी." त्याने पट्ट्याची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली. "उत्तरेच्या भिंतीला ओल आहे. आधी तिचं बघावं लागेल. पिंपं मी हलवीन, तू नाही, तुला जमायचं नाही."

"आजोबा काय म्हणाले?" नोएमीला हसू आणि रडू एकदम येत होतं.

रेमीजोने विचार केला. या डोंगरावर मुलगा पहिला आला तरी, सून देखणी मिळाली तरी, त्या वर्षीची वाइन उभ्या जन्मात झाली नाही अशी झाली तरी, कौतुकाला शब्द दोनच वापरतात. आबांनी ते दोन शब्द रेमीजोला आयुष्यात एकदाच दिले होते.

"वाईट नाही, म्हणाले."

मग नोएमीने त्याला मिठी मारली, इल्दा तुल्लियोला हाका मारत वर पळाली, आणि रेमीजो हात कुठे ठेवावेत ते न कळून नुसता उभा राहिला. ओत्ताविया त्यांना पाठ करून मोरीशी गेली. आबांचा पेला तिथे होता, स्वच्छ धुतलेला, फडक्यावर पालथा घातलेला. मृतांच्या येण्याजाण्यावर तिची श्रद्धा होती, आजही आहे. पण या घरातल्या पुरुषांनी, जिवंत काय नि मेलेले काय, आजवर कधी पेला विसळला नव्हता. तिने तो पुसून कोरडा केला आणि फडताळात जागच्या जागी ठेवून दिला.